वीस सेकंदांचें मौन



दम्यानें धाप लागलेलें माणूस ज्यांनीं रात्रीच्या वेळीं जवळून पाहिलें आहे, त्यांना आजच्या विषयाची निकड वेगळी सांगावयास नको. माझ्या मावशीला हा विकार चाळीस वर्षें होता. डॉक्टरांनीं दिलेला फवारा रोज दोन वेळां घ्यावयाचा असे. पण तिचा खरा भरंवसा होता तो पाठीला कोमट तेल चोळून देणाऱ्या एका म्हातारीच्या हातांवर. ती म्हातारी तासभर बसे. तेल चोळतां चोळतां सुनेची, नातवंडांची, शेतांतल्या पावसाची चौकशी करी. ती गेली कीं मावशी म्हणे, "आज छाती कशी मोकळी वाटते बघ!" आम्ही शिकलेलीं भाचरें हसत असूं. आतां वाटतें, तें हसणें ही आमची चूक होती. मावशीचीहि एक चूक होती. ती पुढें सांगतों.

तेलाचें मर्दन, योगासनें, संगीत, सुया टोंचण्याची चिनी पद्धति, अशा उपचारांना हल्लीं पूरक उपचार म्हणतात. त्यांनीं बरें वाटतें हें खरें; पण तें कशानें? अमेरिकेंत बोस्टन येथें टेड कॅपचक नांवाचे संशोधक आहेत. हे गृहस्थ स्वतः चिनी वैद्यक शिकलेले, म्हणून त्यांचा प्रश्न अधिक प्रामाणिक वाटतो. 2008 सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 262 रोग्यांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. ह्या सर्वांना आंतड्यांचा असा चिवट विकार होता, कीं ज्यांत पोट दुखतें, शौचाचा नेम बिघडतो, पण तपासणींत कोठें इजा म्हणून दिसत नाहीं. त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला नुसतें थांबावयास सांगितलें. दुसऱ्याला सुया टोंचल्या, पण खोट्या. नाटकांतल्या खंजिराचें पातें जसें मुठींत सरकतें, तसें ह्या सुयांचें टोंक मागें सरे, कातडींत शिरत नसे. टोंचणारा पांच मिनिटांच्या आंत बोलणें आटोपी. तिसऱ्या गटालाहि त्याच खोट्या सुया मिळाल्या. मात्र पहिल्या भेटींत रोग्याशीं 45 मिनिटें संभाषण होई. दुखण्यानें तुमच्या संसारांत काय बिघडलें, त्याचें कारण तुम्हांला स्वतःला काय वाटतें, असें आस्थेनें विचारीत. आणि नाडी पाहतांना वीस सेकंद विचारमग्न होऊन स्तब्ध राहावें, असें नियमांत लिहूनच ठेवलें होतें. आपल्याकडील जुन्या वैद्यबुवांना हा नियम कोणी लिहून दिला नव्हता!

तीन आठवड्यांनीं पुरेसा आराम पडल्याचें सांगणारे पहिल्या गटांत शेंकडा 28, दुसऱ्यांत 44 आणि तिसऱ्यांत 62 निघाले. सुया दोन्हीकडे सारख्याच खोट्या होत्या. वाढ झाली ती समोर बसलेल्या माणसामुळें.

रोग्याला औषधाखेरीज आणखी कांहीं हवें असतें. आपली हकीकत कोणी मध्येंच न तोडतां ऐकावी, दुखऱ्या जागीं कोणी हात ठेवावा, आपलें दुखणें कोणी खरें मानावें, ही मनाची भूक आहे. दवाखान्याच्या ओसरीवर दोन तास ताटकळून आंत गेल्यावर दोन मिनिटांत चिठ्ठी हातीं पडते आणि "पुढचा कोण?" अशी हांक येते. तेथें ती भूक कशी भागावी? ती तेलवाल्या म्हातारीनें भागविली, तर त्यांत हसण्यासारखें काय आहे?

परंतु गोष्ट येथें संपत नाहीं. 2011 सालीं बोस्टनमधल्याच संशोधकांनीं दम्याच्या रोग्यांवर प्रयोग प्रसिद्ध केला. 39 जणांनीं तो शेवटपर्यंत पार पाडला. प्रत्येकाला निरनिराळ्या दिवशीं खरा फवारा, औषध नसलेला फवारा व खोट्या सुया दिल्या, आणि कांहीं दिवशीं कांहींच दिलें नाहीं. रोग्यांना विचारलें, तेव्हां त्यांच्या मतें सुधारणा खऱ्या फवाऱ्यानें सरासरी शेंकडा 50, खोट्या फवाऱ्यानें 45, खोट्या सुयांनीं 46, आणि कांहींच न घेतां 21 झाली होती. मग यंत्रांत फुंकर मारावयास लावून श्वासाचा जोर मोजला. खऱ्या औषधानें तो शेंकडा 20 वाढला. बाकीच्या तिन्हींत 7 च्या आसपास, म्हणजे खोटा उपचार आणि कांहींच नाहीं, दोन्ही सारखेंच. रोगी खोटें बोलत नव्हते. त्यांना खरोखरच हलकें वाटत होतें. पण श्वासनळ्या आवळलेल्याच होत्या.

माझ्या मावशीची चूक हीच. एका श्रावणांत छाती मोकळी वाटते म्हणून तिनें फवारा बंद केला आणि आम्हां कोणाला सांगितलें नाहीं. पंधरा दिवसांनीं मध्यरात्रीं ओठ निळे पडलेल्या स्थितींत तिला रुग्णालयांत न्यावें लागलें. ती वांचली. घरीं आल्यावर माझ्या मामांनीं फर्मान काढलें कीं, म्हातारीनें पुन्हां उंबरा ओलांडूं नये. मावशी दोन दिवस जेवली नाहीं.

तिसऱ्या दिवशीं मीच म्हातारीच्या घरीं गेलों. फवारा सोबत नेला होता; तो कसा दाबतात, दिवसांतून किती वेळां घेतात, तें तिला दाखविलें. तिनें तो हातांत उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "एवढंच ना? मग मला आधीं कां नाहीं सांगितलंत?"

त्यानंतर सहा वर्षें ती येत राहिली. तेलाची वाटी चुलीशीं ठेवण्यापूर्वीं दारांतूनच विचारी, "आक्का, फवारा घेतला का?"