खालची पायरी
(जुन्नर-आंबेगावच्या तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, हे आपल्याला लहानपणापासून ऐकवलंय. ही म्हण कुणाच्या सोयीची? ज्याच्या घरात पाटीलकी, त्याचं भांडण चावडीतच मिटतं, आणि त्याच्याच बाजूनं मिटतं. आपल्याला ती पायरी चढावीच लागते. मग पायऱ्या किती आणि कुठल्या पायरीवर काय होतं, हे आपल्याला तोंडपाठ पाहिजे.

जुन्नरला तालुक्याचं कोर्ट आहे. आंबेगावचं घोडेगावला. छोटे दिवाणी दावे आणि किरकोळ फौजदारी खटले तिथं चालतात. खून, बलात्कार असले खटले सत्र न्यायालयात. ते पुण्याला शिवाजीनगरात, आणि त्याचंच एक अतिरिक्त कोर्ट राजगुरुनगरला. अॅट्रॉसिटीचा खटला सत्र दर्जाच्या विशेष न्यायालयात चालतो. त्याच्यावर मुंबईचं हायकोर्ट, आणि शेवटी दिल्लीचं सुप्रीम कोर्ट.

अमेरिकेत दोन शिड्या आहेत. राज्याची कोर्टं वेगळी, केंद्राची वेगळी. आपल्याकडं सरकारं दोन, पण शिडी एकच. 4 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत बाबासाहेबांनी हा फरक फोड करून सांगितला होता. संसदेचा कायदा असो की विधानसभेचा, खटला उभा राहतो तो आपल्याच जिल्ह्यातल्या कोर्टात. म्हणजे दिल्लीचा कायदा खरा की खोटा, हे पहिल्यांदा इथंच ठरतं.

बाबासाहेब स्वतः ही शिडी चढले, तेही प्रतिवादी म्हणून. चवदार तळ्यावर अस्पृश्यांनी येऊ नये म्हणून महाडच्या सवर्णांनी डिसेंबर 1927 मध्ये दावा लावला. कोर्टानं तात्पुरता मनाई हुकूम दिला. 1931 मध्ये महाडच्या कोर्टानं दावा फेटाळला. ते ठाण्याला अपिलात गेले, 1933 मध्ये तिथंही हरले. मग हायकोर्ट. 17 मार्च 1937 ला तिथंही अपील फेटाळलं गेलं. एका तळ्याच्या पाण्यासाठी जवळजवळ दहा वर्षं!

पण तो निकाल नीट समजून घ्या. अस्पृश्यता वाईट, म्हणून हायकोर्टानं निकाल दिला नाही. आपल्याला मज्जाव करायची वहिवाट अनादी काळापासूनची आहे, हे वादींना शाबीत करता आलं नाही, म्हणून ते हरले. शाबीत करायची जागा कुठली? महाडचं कोर्ट. साक्षी तिथंच झाल्या, कागद तिथंच दाखल झाले. वरच्यांनी तेच कागद वाचले.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. वरचं कोर्ट सहसा साक्षीदाराचं तोंड बघत नाही, कागद बघतं. गोदीत जहाजातून उतरलेला माल टॅलीच्या कागदावर चढला नाही, तर तो आलाच नाही. मग कितीही मोठ्या साहेबाकडं जा! कोर्टाचंही तसंच.

खैरलांजी आठवा. 29 सप्टेंबर 2006 ला भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना ठार मारलं. 2008 मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टानं सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली, पण अॅट्रॉसिटी शाबीत धरली नाही. 2010 मध्ये नागपूर खंडपीठानं फाशीची जन्मठेप केली, आणि हा सूड होता, जातीचा गुन्हा नव्हे, असं धरलं. चार मुडदे पडले, पण जात काही कागदावर चढली नाही. खाली सुटलेला धागा वर हाती लागत नाही.

म्हणून पोलीस ठाण्यात फिर्याद देताना घाई करू नका. काय घडलं, कुठं घडलं, कोण कोण बघत होतं, कुठले जातिवाचक शब्द वापरले, सगळं लिहून घ्या. लिहिलेलं वाचून मगच सही करा. फिर्यादीची नक्कल फुकट मिळते, ती हक्काची आहे. फिर्याद घेत नसतील तर पुणे ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा. तरी हलले नाहीत तर कोर्टात अर्ज करा. तपास डीवायएसपीच्या खालच्या अधिकाऱ्यानं केला तर तिथंच हरकत घ्या. आरोपीच्या जामिनाच्या वेळी आपलं म्हणणं मांडायचा अधिकार 2016 पासून कायद्यात आलाय, तो वापरा. निकाल विरोधात गेला तर अपील थेट हायकोर्टात, नव्वद दिवसांच्या आत.

वकिलाला पैसे नाहीत? 1987 च्या विधी सेवा कायद्यानं अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला फुकट वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. भीमाशंकरच्या रानातल्या आपल्या महादेव कोळी भावांना हे सांगा. डिंभ्याच्या धरणाखाली ज्यांची गावं गेली त्यांना सांगा.

कायदा आपोआप जिवंत राहत नाही, हेही ध्यानात ठेवा. 20 मार्च 2018 ला सुप्रीम कोर्टानं अॅट्रॉसिटीची धार बोथट केली. 2 एप्रिलला देशभर आपली माणसं रस्त्यावर उतरली. त्याच वर्षी संसदेनं कायदा दुरुस्त केला, आणि 2019 मध्ये कोर्टानं आपलेच निर्देश मागे घेतले. शिडीच्या टोकालाही रस्त्याचा आवाज पोचतो. पण गावातल्या एकेका माणसाचा खटला मोर्चानं शाबीत होत नाही.

इथल्या डोंगरांत बौद्ध लेणी आहेत. त्यांतल्या शिलालेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या, कासारांच्या श्रेणींची दानं कोरलेली आहेत. राजे गेले, राजवाडे गेले. हातावर पोट असलेल्यांचं नाव दगडात राहिलं, कारण त्यांनी ते कोरून घेतलं.

आपणही कोरून घ्यायचं. घोडेगावच्या कोर्टात, जुन्नरच्या ठाण्यात, साध्या कागदावर. वाघासारखं ओरडायला आपल्याला येतं. आता कारकुनासारखं लिहायलाही शिकूया.

जय भीम!