आंकड्याखालचा आंकडा

१९४२ सालीं अमेरिकेंतील फिलाडेल्फियाच्या टांकसाळींत दहा सेंटांचीं चांदीचीं नाणीं २० कोटींहून अधिक पाडलीं गेलीं. त्यांपैकीं थोड्यांवर २ च्या कडेला १ डोकावतो. १९४१ च्या अखेरीस दोन्ही सालांचे ठसे एकदमच तयार होत असतां एका ठशावर आधीं १९४१ ची व मग १९४२ ची छाप बसली, एवढेंच कारण! चांदी तीच, वजन तेंच अडीच ग्रॅम. तरी झिजलेल्या नाण्यासही संग्राहक शेंकडों डॉलर मोजतात. हा भाव अवाजवी नव्हे, कारण तो १ नुसत्या डोळ्यांस दिसतो. भिंगाखालींही जेथें केवळ शंका येते, तेथें मात्र विक्रेत्याच्या वाक्चातुर्याचेंच मोल द्यावें लागतें. बनावट नाणींही आहेत. म्हणून घेणाऱ्यानें ४ कडेही पाहावें. अस्सल नाण्यांत तोही दुहेरी उमटलेला असतो.