बधिर पावलांची राखण



दसरा-दिवाळी उलटली की बीड जिल्ह्यातील अनेक गावे ओस पडू लागतात. ऊसतोड कामगार कोयता आणि संसार घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. त्यांतील एखाद्याच्या पायाची संवेदना कुष्ठरोगाने अथवा मधुमेहाने हरपलेली असते. फडात उसाचा धारदार बुडखा तळव्यात शिरतो, रक्त वाहते. पण त्याला कळत नाही. वेदना नसल्यामुळे तो चालत राहतो आणि जखम हाडापर्यंत पोहोचते.

कुष्ठरोगात बोटे आपोआप झडतात, असा समज शतकानुशतके रूढ होता. १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आलेले शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड यांनी तो खोडून काढला. बधिर पायावर नकळत होणारे आघात हेच या हानीचे मुख्य कारण, हे त्यांनी दाखवून दिले. औषधाने रोगजंतू मरतात; गेलेली संवेदना मात्र बहुधा परत येत नाही. म्हणूनच मऊ रबराचा आतला थर, टणक बाह्यतळ आणि टाचेमागे पट्टा असलेली 'एमसीआर' चप्पल देतात. कुष्ठरुग्णांना ती शासकीय कार्यक्रमातून विनामूल्य मिळते.

परंतु मिळालेली चप्पल पुष्कळदा पेटीतच राहते. ती पाहून लोक रोग ओळखतील, ही धास्ती असते. दुसरी अडचण उंबरठ्याची. चप्पल दाराबाहेर काढण्याचा आपला संस्कार चांगलाच आहे. पण बधिर पायाला घरातला चुलीचा निखाराही जाणवत नाही. अशा व्यक्तीसाठी घरात वापरायचा स्वच्छ जोड वेगळा ठेवावा. परळीला वैद्यनाथाच्या किंवा अंबाजोगाईला योगेश्वरीच्या दर्शनाला उन्हाळ्यात जायचे, तर फरशी तापण्यापूर्वी, पहाटेच जावे.

नवा जोड पहिल्या दिवशी तास-दोन तासच वापरावा आणि पायावर लाली उमटली का, हे पाहावे. लाली टिकली तर जोड तसाच न रेटता डॉक्टरांना दाखवावा. रोज घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा, बाभळीचा काटा नाही ना, याची खात्री करावी. चप्पल साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावी. तुटलेला पट्टा शिवून घ्यावा; खिळा कदापि मारू नये. आतला थर दबून कडक झाला की जोड बदलावा. ऊसतोडीला निघण्यापूर्वीच जोडाची तपासणी व्हावी. फडावर तो मिळणार नाही.

कार्यकर्त्याचे काम येथेच आहे. वस्तीवर गेल्यावर 'चप्पल मिळाली का?' एवढे विचारून भागत नाही. 'पाय दाखवा' असे म्हणता आले पाहिजे. वडीलधाऱ्यांच्या पाया पडण्याची रीत आपल्या घराघरांत आहे. पाया पडणाऱ्याने दिवसातून एकदा त्यांचे तळवेही निरखून पाहिले, तर कित्येक पाय वाचतील.