आमच्या मुलाचे बिऱ्हाड

(सुवर्णमहोत्सवी संमेलनात केलेले भाषण)



केंद्र सरकारच्या नोकरीने आम्हां उभयतांस जबलपुरात आणले, तेव्हा पहिली खोली मंडळातल्याच एका गृहस्थांच्या ओळखीने मिळाली होती. आज पुन्हा तीच विनंती घेऊन उभे आहोत. मात्र या खेपेस बिऱ्हाड आमचे नव्हे, मुलाचे आहे.

आपण त्यास ओळखता. गणेशोत्सवात खुर्च्यांच्या रांगा मांडतो तो. ध्वनिक्षेपक सुरू झाला की कान झाकून बाहेर जातो, तोही तोच. वय चौतीस. वैद्यकीय भाषेत स्वमग्न, अर्थात ऑटिझम असलेला. चहा करतो, खिचडी लावतो, कपडे वाळत घालतो. दारात अचानक परका मनुष्य आला किंवा ठरलेला क्रम मोडला की मात्र गोंधळतो; बँकेचे व्यवहारही त्यास झेपत नाहीत. सकाळ-संध्याकाळ एक मदतनीस आणि हाकेच्या अंतरावर ओळखीचे घर, एवढे त्यास पुरेल.

1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने अशा व्यक्तींच्या पालकांच्या पश्चात होणाऱ्या संगोपनाचा विचार केला आहे. न्यासाच्या ‘घरौंदा’ योजनेत अठरा वर्षांवरील व्यक्तींसाठी सामूहिक निवास आहेत. असाच एक सामूहिक निवास आम्ही मुलास दाखविला. त्याने सगळीकडे पाहून विचारले, “माझी खोली कुठली?” तेथे स्वतंत्र खोली नव्हती. कित्येकांना तसे घर मानवते, त्यास मानवणार नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही विशिष्ट निवासव्यवस्थेची सक्ती कोणावर होऊ नये, असा प्रयत्न सरकारने करायचा आहे. त्याच कायद्यात घरवाटपाच्या सरकारी योजनांत पाच टक्के आरक्षण आहे. पण भाड्याची खोली शोधणाऱ्यास त्याचा काय उपयोग?

भाडे कोठून येणार, हे आमच्यासारख्या पेन्शनरांनी तरी नीट ऐकावे. विकलांगतेमुळे उदरनिर्वाह करू न शकणाऱ्या अपत्यास आईबापांच्या पश्चात आजन्म कुटुंबनिवृत्तिवेतन मिळते. आपण हयात असतानाच त्याचे नाव पेन्शनच्या आदेशात नोंदविता येते. हे काम आम्ही सहा वर्षे टाळले, कारण अर्जात स्वतःच्या मृत्यूविषयी लिहावे लागते. 2021 पासून उत्पन्नाची अटही सैल झाली असून मुलाच्या किरकोळ कमाईने हक्क जात नाही. पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. तोही आता केला आहे, म्हणजे पुढे भाडेकरारावर सही कोणी करायची हा प्रश्न उरणार नाही.

पैशाचे असे जुळले. खोलीचे जुळत नाही. आजवर पाच घरे पाहिली. एका घरमालकांना मुलगा आवडला होता. निघताना त्यांनी विचारले, “रात-बिरात कुछ हो गया तो किसे बुलाएँगे?” प्रश्न खोटा नव्हता, आणि आमच्याखेरीज दुसरे नाव आम्हांस सांगता आले नाही.

म्हणून मंडळाकडे आलो. मागणी दोन गोष्टींची आहे: तळमजल्यावरची एक खोली, मंगल कार्यालयापासून दूर आणि आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, आणि रात्री फोन केला तर उठून येतील अशा तीन-चार घरांची नावे. आम्ही दोघे धडधाकट असतानाच त्यास तेथे राहण्याची सवय लावायची आहे. पहिल्या महिन्यात तो दोनच रात्री राहील, पुढे वाढवू. करार अकरा महिन्यांचा करू. भाडे एक तारखेस पोहोचेल. तारीख आम्ही विसरलो तरी तो विसरत नाही.