लेखणीची नित्यपूजा
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



'कथालेखकाची साधना' या विषयावर चार शब्द बोलावे, अशी चिटणीसांनी मला आज्ञा केली. मी कथालेखक नव्हे. मॅट्रिक होऊन शिक्षकी पेशात शिरलो आणि मुलांच्या निबंधांच्या वह्या तपासण्यात आयुष्य गेले. परंतु लिहिणारा कोठे अडतो, हे त्या वह्यांनी मला चांगले शिकविले. तो पहिल्या वाक्यापाशी अडतो. "गुरुजी, सुचत नाही," ही तक्रार मी जितक्या वेळा ऐकली, तितकी दुसरी कोणतीही ऐकली नसेल. मोठी माणसेही तेच म्हणतात. फक्त ती त्याला 'स्फूर्ती नाही' असे भारदस्त नाव देतात.

या तक्रारीला आपल्या आयुष्याने उत्तर देणाऱ्या एका लेखकाची ओळख आज करून देतो. त्याचे नाव अँथनी ट्रॉलप. हा इंग्रज कादंबरीकार १८१५ साली जन्मला आणि १८८२ साली वारला. त्याने सत्तेचाळीस कादंबऱ्या लिहिल्या. विशेष हे की, त्यांतील बऱ्याचशा त्याने पोस्टखात्याची पूर्ण वेळ नोकरी सांभाळून लिहिल्या. १८३४ साली तो लंडनच्या पोस्टकचेरीत कारकून म्हणून लागला, १८४१ साली आयर्लंडात गेला आणि पुढे खात्यात वरच्या हुद्द्यावर चढला. इंग्लंडच्या परिसरात रस्त्यावर उभ्या टपालपेट्या प्रथम १८५२ साली चॅनेल बेटांत बसविण्यात आल्या, त्या त्याच्याच शिफारशीवरून.

१८५९ साली तो लंडनजवळ वॉल्थम क्रॉस येथे राहावयास आला. तेथील त्याचा नेम ऐकण्यासारखा आहे. पहाटे साडेपाचला तो मेजापाशी बसलेला असे. त्याला उठवून कॉफी आणून देण्यासाठी घरच्या जुन्या मोतद्दाराला तो वर्षाकाठी पाच पौंड जादा देई. त्या म्हाताऱ्या सेवकाने कधी वेळ चुकविली नाही, आणि आपल्या यशात त्याचा वाटा इतर कोणाहूनही मोठा आहे, असे ट्रॉलपने आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचा मजकूर वाचण्यात जाई. मग समोर घड्याळ ठेवून दर पाव तासाला अडीचशे शब्द, हा हिशेब. अडीच तासांत अडीच हजार शब्द होत. न्याहारीच्या आधी लेखन संपे आणि दिवस नोकरीला मोकळा राही. किती पाने झाली हे तो रोजनिशीत मांडी. आळस झाला, तर ती कोरी जागाच त्याला टोचत असे.

प्रवासातही नेम मोडला नाही. आगगाडीत मांडीवर लहानसे पाट ठेवून तो पेन्सिलीने लिही, आणि पत्नी ते लेखन नीट उतरवून काढी. १८५८ साली टपालाच्या करारासाठी इजिप्तला जाताना बोट लागून त्याला उलट्या होत. तरी उठून जावे, पुन्हा येऊन लिहावे, असे करून त्याने ठरलेली पाने पुरी केली. 'डॉक्टर थॉर्न' ही कादंबरी संपली आणि दुसऱ्याच दिवशी त्याने पुढची सुरू केली. जोडे शिवणारा कारागीर एक जोड पुरा झाला की दुसऱ्याला हात घालतो. मग लेखकाने का थांबावे, असे त्याचे म्हणणे.

आपणांपैकी काहींना हे रुक्ष वाटेल. घड्याळाच्या काट्यावर का कोठे कथा होते? त्याच्या देशबांधवांनाही तसेच वाटले. मृत्यूनंतर १८८३ साली आत्मचरित्र प्रसिद्ध झाले, तेव्हा पाने मोजणारा हा कसला कलावंत, म्हणून पुष्कळांनी नाके मुरडली. परंतु त्या आत्मचरित्रातच या शंकेचे उत्तर आहे. लहानपणी तो गरिबीमुळे शाळेत एकटा पडला होता. कोणी खेळावयास घेत नसे, म्हणून तो मनातल्या मनात गोष्ट रचीत चाले. तीच गोष्ट आठवडेच्या आठवडे, महिनेच्या महिने. आणि तिच्यात अशक्य असे काही घडू द्यावयाचे नाही, हा त्याचा नियम. पुढे लेखक झाल्यावरही तो आपल्या पात्रांच्या संगतीत राहत असे; ती कशी बोलतील, कशावर रागावतील, हे त्याला ठाऊक असे. 'द वॉर्डन' या कादंबरीची कल्पना त्याला सॉल्सबरीच्या मोठ्या चर्चच्या आवारात संध्याकाळी हिंडताना सुचली. म्हणजे कथा दिवसभर मनात मुरे आणि पहाटे कागदावर उतरे. घड्याळाचे काम एवढेच, की मुरलेले वाया जाऊ नये.

आपल्या पात्रांवर त्याचा जीव किती होता, याचा एक किस्सा सांगतो. एकदा क्लबात दोन धर्मोपदेशक त्याच्या कादंबऱ्यांतून तीच ती पात्रे येतात म्हणून कुरकुरत होते. मिसेस प्राउडी या खाष्ट बाईवर त्यांचा विशेष राग. जवळच बसलेला ट्रॉलप उठला आणि "आठवड्याच्या आत तिला मारून टाकतो," असे सांगून घरी गेला. शब्दाप्रमाणे त्याने तिला मारले. पण पुढे त्याला त्याची फार हळहळ वाटली.

भगिनींनो, ही शिस्त त्याला मिळाली ती आईकडून. फ्रान्सिस ट्रॉलप या बाईंचे पहिले पुस्तक १८३२ साली निघाले, तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. पतीचा व्यवसाय बुडालेला, घरात क्षयाचे रुग्ण. १८३४ साली एक मुलगा गेला, पुढच्या वर्षी पती गेले. औषधांच्या बाटल्यांशेजारी दौत ठेवून, रात्री शुश्रूषा करून, जग जागे होण्यापूर्वी त्या लिहीत, आणि त्या लेखनावर घर चाले. "आता या वयात काय लिहिणार?" असे म्हणणाऱ्या आपल्या आयाबहिणींनी हे उदाहरण मनात ठेवावे.

आपल्याकडे हरिभाऊ आपटे यांची रीत निराळी होती. १८९० साली त्यांनी 'करमणूक' साप्ताहिक काढले आणि आपल्या कादंबऱ्या त्यातून क्रमशः दिल्या. ट्रॉलपला कादंबरी पुरी हाती असल्याशिवाय छापावयास देणे आवडत नसे; हरिभाऊंच्या मागे मात्र आठवड्याचा अंक उभा असे. आनंदाश्रमाची व्यवस्था, पुणे नगरपालिकेचे काम, हेही चालूच होते. त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या, हे खरे. पण 'पण लक्षात कोण घेतो' सारखी कृती त्याच धबडग्यातून मराठीला मिळाली. रीती दोन, बोध एकच: जबाबदारी अंगावर घेतली की लेखणी चालते.

आता आपल्या घरचे बोलतो. आपल्या स्मरणिकेत गुणवंत विद्यार्थ्यांची यादी असते, देणगीदारांची नावे असतात, जाहिराती असतात. ते सर्व हवेच. पण कथेची पाने दर वर्षी कमी होत आहेत. आपल्या आज्या-पणज्यांनी गाव सोडून शहरात संसार कसे मांडले, एका खोलीत किती पाहुण्यांना आसरा दिला, कोणत्या शब्दांत रागावल्या आणि कोणत्या ओव्या म्हटल्या, हे सांगणारी माणसे एकेक करून जात आहेत. ते कोणी लिहिले नाही, तर आपल्या नातवंडांपुढे पूर्वजांची केवळ नावे उरतील, माणसे उरणार नाहीत.

लिहून पोट भरते काय, असे पालक विचारतात. प्रश्न योग्य आहे. ट्रॉलपच्या पहिल्या कादंबरीने त्याला एक पैसाही दिला नाही. ती १८४७ साली निघाली आणि नोकरी त्याने सोडली १८६७ साली. मध्ये वीस वर्षे गेली. तेव्हा मुलाने नोकरी करावी, अभ्यास करावा आणि लिहावेही. अडीच हजार शब्दांचा हट्ट नको. रोज शंभर शब्द लिहा. वर्षाला छत्तीस हजार पाचशे होतात. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण आपण मुलांकडून घोटवून घेतो. ती स्वतःला लावून पाहावी. सकाळचा अर्धा तास मोबाइल दूर ठेवावा, कालचे वाचावे, आजचे लिहावे. वाईट झाले, तरी खोडावयास काही तरी हाती असते. कोऱ्या कागदावर खोडणार काय?

देवाची पूजा आपण मन लागले तरच करतो असे नाही. नेमाने बसतो, आणि बसता बसता मन लागते. लेखणीचेही तसेच आहे. पुढील वर्षीच्या स्मरणिकेसाठी प्रत्येक घरातून निदान एक आठवण, एक गोष्ट चिटणीसांच्या हाती यावी, एवढी विनंती करतो. शुद्धलेखन तपासण्याची माझी जुनी सवय मोडलेली नाही. ते काम मी आनंदाने अंगावर घेतो.