भोपाळच्या दप्तरांतील राण्या



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होते, त्यांच्या शाळेत बोलण्याची संधी मिळाली हे मी माझे भाग्य समजतो. विषयासाठी मी फार दूर गेलो नाही. आपल्या या शहरात राज्यकर्त्या स्त्रियांच्या खुणा कोठे आणि कोणत्या रूपात उरल्या, एवढाच प्रश्न आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

१८१९ ते १९२६ या काळात, मधली सुमारे सात वर्षे वगळता, भोपाळचा कारभार चार बेगमांच्या हाती होता. कुदसिया, सिकंदर, शाहजहाँ आणि सुलतान जहाँ. गोहर महाल आणि ताज-उल-मसाजिद आपण रोज पाहतो. संस्थानचे दप्तर राष्ट्रीय अभिलेखागाराच्या येथील प्रादेशिक कार्यालयात आहे. पण या बेगमा आपल्याला इतक्या स्पष्ट दिसतात, त्याचे कारण केवळ सत्ता नव्हे. त्या स्वतः लिहीत होत्या. सिकंदर बेगम १८६३-६४ मध्ये हजला गेल्या आणि प्रवासाचा वृत्तान्त लिहिला. १८७० साली लंडनमध्ये तो छापला गेला, तोही पोलिटिकल एजंटाच्या पत्नीने केलेल्या इंग्रजी भाषांतरात. शाहजहाँ बेगमांनी भोपाळचा इतिहास लिहिला, कविता केल्या, बहुभाषी कोश रचला. सुलतान जहाँ बेगमांनी आत्मचरित्र लिहिलेच, शिवाय पणजी कुदसियांचे चरित्रही लिहिले. आपल्या घराण्याची आठवण दुसऱ्याच्या लेखणीवर सोडायची नाही, असा जणू त्यांचा निश्चय होता.

आता राणी कमलापतीकडे पाहा. गिन्नौरगडच्या निजामशाहाची ही गोंड राणी. दोन तलावांमधल्या बांधावर तिचा महाल उभा आहे, आणि नोव्हेंबर २०२१ पासून हबीबगंज स्थानकाला तिचे नाव आहे. परंतु तिच्या हातचे एखादे पत्र आपल्यापुढे नाही. तिच्या अखेरीविषयी एक कथा एक सांगते, दुसरी तिच्या विरुद्ध. नाव फलाटावर मोठ्या अक्षरांत आले, माणूस मात्र कथांतच राहिले. हे मला खटकते.

आपण मराठी माणसे या इतिहासात केवळ प्रेक्षक नाही. १८१२-१३ मध्ये शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांनी भोपाळला वेढा घातला, तेव्हा शहरातल्या बायका तटावर उभ्या राहिल्या, असे भोपाळची परंपरा सांगते. आपल्याकडच्या कथनात ती एक फसलेली मोहीम. एकाच घटनेची ही दोन रूपे शेजारी ठेवून वाचावीत, असे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत आलो.

तिकडे महेश्वरी अहिल्याबाईंची गोष्ट आणखी वेगळी. त्यांच्या दरबारातून पुण्याला जाणारी बातमीपत्रे पारसनिसांनी छापली, म्हणून त्या कारभाराचा दिवसेंदिवसाचा तपशील आपल्या हाती आला. पण माळव्यातले सगळेच मोडी कागद छापले गेले नाहीत. पुष्कळसे घरोघरी, रुमालांत बांधलेले राहिले.

असा एक रुमाल माझ्या आजोळी होता. महेश्वरहून मिळालेल्या इनामाचा कागद त्यात आहे, असे आजी सांगत असे. १९७० नंतरच्या दशकात वाडा विकला गेला, तेव्हा मामांनी मला विचारले, ‘‘याचे काय करायचे रे? तू शिकलेला.’’ मी मराठीचा नवा अधिव्याख्याता, मोडीचे एक अक्षर येत नव्हते. ‘‘वाचता येत नाही तर ठेवून काय करायचे?’’ असे उत्तर मी दिले. रुमाल रद्दीत गेला. आजी काही बोलली नाही, पण त्यानंतर माझ्यासमोर तिने तो विषयही कधी काढला नाही. तो कागद खरोखर त्यात होता की नव्हता, हे आता कोणीही ठरवू शकणार नाही.

माजी विद्यार्थ्यांपैकी कुणाच्या घरी असे बाड असेल, तर गाठ सोडण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्या, कागदांचा क्रम बदलू नका, आणि घरातल्या वडीलधाऱ्या बाईंना त्याविषयी जे आठवते ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.

मी सत्तरी ओलांडल्यावर मोडी शिकायला बसलो. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद ती लिपी पाळत नाही. जन्मभर शुद्धलेखन तपासलेल्या मास्तराला याचा प्रारंभी फार त्रास झाला. आता थोडी गती आली आहे. कोणी कागद घेऊन आले, तर बरोबर बसून वाचू.