आरोपीचा वकील : काही कामाच्या गोष्टी



आपल्या वस्त्यांतून आज पुष्कळ वकील झाले. तरीही आरोपीची बाजू मांडणे म्हणजे गुन्ह्याची तरफदारी, असा समज घराघरांत आहे. ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकाच्या खटल्यात शिक्षा झालेल्या मंडळींचे अपील १९२६ साली पुण्यात बाबासाहेबांनीच चालवले आणि त्यांना सोडवले, हे आपण विसरतो. आरोपी दोषी आहे असे वकिलाला वाटले तरी त्याने बचाव करावा, असा बार कौन्सिलचा नियमच आहे.

बचाव कशासाठी लागतो? नाशिकच्या सत्र न्यायालयात चाललेला २००३ सालच्या दरोडा व खुनांचा खटला पाहा. आरोपी भटक्या जमातीतील सहा जण. २००९ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन सहाही जणांच्या वाट्याला फाशी आली. पुढे तो निकाल मागे घेतला गेला आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सर्वांना निर्दोष सोडले. हल्ल्यातून वाचलेल्या महिलेने सुरुवातीला पोलिसांकडील फोटोंतून दुसऱ्याच चौघांना ओळखले होते. त्या चौघांचा तपासच झाला नाही. सहांपैकी एक जण घटनेच्या वेळी अठरा वर्षांचाही नव्हता, हे ठरायलाही अनेक वर्षे गेली. शाळेचा दाखला पहिल्याच दिवशी मागावा, तो यासाठी.

म्हणून आम्ही नव्या वकिलांना सांगतो, आधी अशिलाला भेटा. कोर्टाच्या व्हरांड्यात, बेड्या घातलेल्या अवस्थेत, दोन मिनिटांत नव्हे. तुरुंगात जाऊन, निवांत, त्याच्या बोलीत. काय बोलायचे ते पढवू नका, त्याला बोलू द्या. सुटकेची हमी देऊ नका. दोन आरोपी एकमेकांवर ढकलत असतील तर दोघांचे वकीलपत्र घेऊ नका, मग ते सख्खे भाऊ का असेनात.

दोषारोपपत्राची प्रत आरोपीला फुकट मिळते. ती पंचनाम्यासह शेवटच्या पानापर्यंत वाचावी. गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणे साठ किंवा नव्वद दिवसांत ते दाखल झाले नाही, तर जामिनाचा हक्क उत्पन्न होतो. पण अर्ज वेळेवर केला नाही तर तो हातचा जातो. १ जुलै २०२४ पासून संहिता नवी आली, कलमांचे आकडे बदलले, हा हक्क राहिला.

उलटतपासात तर फारच चुका होतात. साक्षीदार कोर्टात सांगतो ते पोलिसांपुढच्या जबाबात नसेल, तर ते त्याला दाखवून विचारावे लागते. आणि तेवढ्याने भागत नाही. जबाब लिहून घेणाऱ्या तपासी अंमलदाराकडूनही ती विसंगती शाबीत करून घ्यावी लागते. नवे वकील साक्षीदाराला गोंधळवून खूश होतात, अंमलदाराला मात्र विचारायचे विसरतात. मग युक्तिवादाच्या वेळी हाती काही उरत नाही.

वकील द्यायला पैसे नाहीत, असे आपली माणसे म्हणतात. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला, स्त्रियांना आणि कोठडीतील कोणालाही, उत्पन्न न पाहता, मोफत वकील मिळतो. मात्र नावापुरता वकील उपयोगाचा नाही. खंडव्याच्या एका खटल्यात वकील नेमला त्याच दिवशी आरोप ठेवले गेले आणि पंधरवड्यात फाशी झाली. डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द करून खटला नव्याने चालवायला लावला. जन्मठेप वा फाशी होऊ शकेल अशा प्रकरणात नेमलेल्या वकिलाला तयारीसाठी निदान सात दिवस द्यावेत, असेही सांगितले.

विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट राहिली. किरकोळ मारामारीत किंवा जुगाराच्या केसमध्ये “कबूल करून टाक, दंड भर, मोकळा हो” असा सल्ला कोर्टाच्या आवारात सहज मिळतो. दंड शे-दोनशेचा असतो. पण ती शिक्षाच असते, आणि नोकरीच्या वेळी पोलीस पडताळणीत पुढे येते. सही करण्यापूर्वी वकिलाला एवढे जरूर विचारा, की हा कागद कसला आहे.